ग्रुप सोडून गेलेल्या माणसाविषयी आपण कसं बोलतो?



आज व्याकरण नाही, निबंध नाही. आज तुमच्या-माझ्या मोबाइलवर दिसणाऱ्या एका छोट्या ओळीबद्दल बोलायचं आहे. अमक्यांनी ग्रुप सोडला, ही ती ओळ. वर्गाच्या पालकांचा ग्रुप असो, केंद्रातल्या शिक्षकांचा असो की गावकीचा, ही ओळ तुम्हीही पाहिली असेल. ती आली की दोन-चार मिनिटं सगळं शांत असतं. मग कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकतं आणि हळूहळू त्या गेलेल्या माणसाविषयी बोलणं सुरू होतं. मला त्या नंतरच्या बोलण्याविषयी लिहायचं आहे.

आमच्याकडे काय घडलं ते आधी सांगते. शाळेचं नाव सांगत नाही. वसमतकडचा हळदीचा पट्टा आहे, एवढं पुरे.

आमच्या ग्रुपमध्ये एक पालक होते. शेती करणारे, बारावीपर्यंत शिकलेले. मुलगी आमच्याकडे सहावीत. ते सारखे प्रश्न विचारायचे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी का येत नाही? ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो बापासोबत दिवसभर शेतात असतो, त्या घरातल्या लेकरानं अभ्यासाचे फोटो कसे पाठवायचे? प्रश्न बिनबुडाचे नव्हते. भाषा मात्र फटकळ होती. एका रात्री तर त्यांनी हद्दच केली. एका सहकारी बाईंचं नाव घेऊन लिहिलं, की यांना फुकटचा पगार घ्यायची सवय लागली आहे. त्या बाई तेव्हा आजारी सासूबाईंना घेऊन नांदेडच्या दवाखान्यात खेटे घालत होत्या आणि शाळाही सांभाळत होत्या. त्या रात्री त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणाला, आधी भाषा सुधारा. दुसरा म्हणाला, आधी पाण्याचं उत्तर द्या. भाषा सुधारा म्हणणाऱ्यांपैकीच दोघं-तिघं त्या पालकांच्या शिक्षणावर आणि कपड्यांवर घसरले, हेही खरं. तिसऱ्या दिवशी ते ग्रुपमधून बाहेर पडले.

आणि मग सुरू झालं. ‘बरं झालं, ब्याद गेली.’ ‘आता ग्रुप स्वच्छ झाला.’ कुणी त्यांच्या जुन्या वाक्यांची नक्कल केली, कुणी त्यावर हसून घेतलं. आठ दिवस हा विषय पुरला. एका नकलेवर मीही अंगठा उमटवला होता. ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

नवव्या दिवशी वर्गात एका मुलानं त्यांच्या मुलीला विचारलं, “तुझ्या पप्पाला ग्रुपवरून हाकललं ना?” ती काही बोलली नाही. दप्तराची चेन उघड-बंद करत राहिली. आपल्या घरातले मोबाइल लेकरंही वाचतात, हे आम्ही सगळे विसरलो होतो.

आणि पाण्याचं काय झालं? काहीच नाही. एक आई मला फाटकाशी भेटली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, पाण्याचं मीच विचारलं असतं. पण मग मलाबी त्यांच्यातलंच समजतील.”

बघा, माणूस गेला आणि त्याच्यासोबत त्याचा प्रश्नही गेला. उलट तो प्रश्न विचारणं म्हणजेच असभ्यपणा, असा अर्थ तयार झाला. म्हणून मला असं वाटतं, की एखादा गट किती सभ्य आहे हे भांडण चालू असताना नीट कळत नाही. भांडण करणारा निघून गेल्यावर कळतं. जो आता उत्तर द्यायला हजर नाही, त्याच्याविषयी आपण काय बोलतो आणि त्याच्या प्रश्नाचं काय करतो, त्यावरून आपली सभ्यता ठरते.

दोन मास्तरांचं भांडण

हे लिहिताना मला पुण्यातले दोन शिक्षक आठवतात. होय, शिक्षकच. आपण त्यांना पुढारी आणि संपादक म्हणून ओळखतो, पण त्यांनी सुरुवात मास्तरकीनं केली. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. दोघंही १८५६ च्या जुलै महिन्यात जन्मलेले. डेक्कन कॉलेजात शिकताना सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाचं काम करायचं, असं दोघांनी ठरवलं. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांसोबत टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं आणि पुढं आगरकरही तिथं आले. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं.

एवढं एकत्र सोसलेली माणसं, तरीही भांडण झालंच. आगरकरांचं म्हणणं, समाजसुधारणा थांबून राहू शकत नाही. बालविवाह, विधवांचे हाल, स्त्रियांचं शिक्षण यांवर आत्ताच बोललं पाहिजे. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारच्या कायद्यानं समाज सुधारायला जाऊ नये, आधी राजकीय प्रश्न. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. इकडे संस्थेतही वाद चालूच होता. आजीव सदस्यांनी निर्वाहापुरता पगार घेऊन सगळा वेळ आणि शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरची कामं करू नयेत, यावर टिळक अडून बसले. बाकीच्यांना ते पटेना. १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले. जाताना त्यांनी भलंमोठं पत्र लिहून आपली कारणं सविस्तर मांडली.

म्हणजे बघा, आगरकर वृत्तपत्र सोडून गेले आणि टिळक शाळा सोडून गेले. आपल्या भाषेत सांगायचं तर दोघांनीही एकेक ग्रुप सोडला.

ते फार सभ्यपणे भांडले, असं मी मुळीच म्हणणार नाही. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ एकमेकांवर तुटून पडत. बोचरी विशेषणं, टोमणे, वैयक्तिक ओरखडे, सगळं होतं. सनातनी मंडळींनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढल्याचं सांगतात. आज मोबाइलवर कुणाच्या फोटोला हार घालून थट्टा करणारे आहेत ना, त्यांचे ते पणजोबाच म्हणा. तेव्हा जुना काळ सोन्याचा आणि आपला तेवढा बिघडला, या भ्रमात राहायला नको.

पण पुढचं पाहा. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वय अवघं ३८. दम्यानं शरीर पोखरलं होतं आणि त्याही स्थितीत ते फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून काम करत होते. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. दोघांचा वाद मिटला नव्हता, टिळकांचं मत बदललं नव्हतं. तरीही जुन्या सोबत्याचं मोठेपण त्यांनी आपल्याच पत्रात लिहून ठेवलं. वीस वर्षांनी, १९१५ मध्ये गोखले गेले. गोखल्यांशी तर टिळकांचं उभं वैर समजलं जायचं. पण टिळक स्मशानात हजर राहिले आणि गोखल्यांच्या कामाचा गौरव करून बोलले.

तुम्ही म्हणाल, मेल्यावर सगळेच चांगलं बोलतात. खरं आहे. म्हणून मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. संस्था सोडून गेलेल्या टिळकांचं नाव डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत आजही आहे. ‘केसरी’ सोडून गेलेले आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक म्हणूनच ओळखले जातात. भांडून गेला म्हणून त्याचं पूर्वीचं काम खोडलं गेलं नाही. आणि मुद्देही मेले नाहीत. टिळक गेले म्हणून शिक्षकानं त्याग किती करायचा हा प्रश्न संपला नाही, आगरकर गेले म्हणून मुलींच्या शिक्षणाचा विषय बंद पडला नाही. आज आपल्या वर्गात मुली बसल्या आहेत, त्या आगरकरांसारख्यांनी लोकांचे शिव्याशाप खाऊन लावून धरलेल्या प्रश्नामुळेच.

आता आमच्या ग्रुपकडे या. त्या पालकांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या ट्रॅक्टरनं शाळेच्या मैदानात मुरूम आणून टाकला होता, एक रुपया न घेता. त्या आठ दिवसांत ही गोष्ट कुणाच्याही तोंडून निघाली नाही. माझ्याही नाही.

औंढ्याचे विसोबा

पुण्याची गोष्ट लांबची वाटत असेल तर आपल्या जिल्ह्यातली घ्या. औंढा नागनाथला आपण मुलांची सहल नेतो, नर्सी नामदेवला यात्रेला जातो. या दोन गावांना जोडणारी कथा आपण वर्गात सांगतोही. पण ती ‘गट आणि गटातून गेलेला माणूस’ या नजरेनं मी कधी वाचली नव्हती.

परंपरेतली कथा अशी. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं, कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं. बाकीचे गप्प बसून राहिले. नामदेवांना मात्र राग आला आणि त्यांचं मडकं कच्चं ठरलं. चारचौघांत अपमान झाला म्हणून नामदेव तिथून उठून गेले आणि विठ्ठलाकडे गाऱ्हाणं नेलं. विठ्ठलानं त्यांना विसोबा खेचरांकडे जायला सांगितलं. औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा त्यांना भेटले आणि नामदेवांना गुरू मिळाला.

आता हे विसोबा कोण? कथेप्रमाणे हेच ते, ज्यांनी आधी ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना छळलं होतं. मुक्ताईला मांडे भाजायला खापर हवं होतं, तर कुंभारांनी ते देऊ नये अशी तजवीज यांनी केली होती. म्हणजे आळंदीतल्या त्या चार लेकरांच्या बाबतीत अत्यंत वाईट वागलेला माणूस. पुढं त्यांना पश्चात्ताप झाला आणि तोच माणूस नामदेवांचा गुरू ठरला.

इतिहास म्हणून किती धरायचं हा वेगळा विषय. पण आपल्या लोकांनी ही कथा शेकडो वर्षं जपली, यात काहीतरी शहाणपण आहे. खापर नाकारणारा माणूस कायमचा वाईट ठरला नाही. रागावून उठून गेलेल्या नामदेवांनाही कुणी कायमचं कच्चं म्हटलं नाही. विसोबांना ‘खेचर’ हे नाव चिकटलं, तेही आज आपण आदरानं घेतो. परत यायची वाट कुणी बंद केली नव्हती, म्हणून ही कथा पूर्ण होऊ शकली.

मग अपमान गिळायचा का?

हा लेख लिहायला घेतला तेव्हा माझ्या त्याच सहकारी बाईंनी मला विचारलं, “म्हणजे तुम्ही त्यांची बाजू घेताय?” प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

नाही. ‘फुकटचा पगार’ हा अपमानच होता. नाव घेऊन केलेला होता, म्हणून जास्त वाईट. त्या बाईंना त्या रात्री एका गोष्टीची गरज होती. आमच्यापैकी एकानं तरी तिथल्या तिथं लिहायला हवं होतं, की हे वाक्य चुकीचं आहे, मागे घ्या. ते कुणीच लिहिलं नाही. सगळे वाचत बसले, रात्री फोनवर एकमेकांशी बोलले आणि तो माणूस गेल्यावर शूर झाले. नंतरच्या आठ दिवसांच्या चेष्टेनं त्या बाईंचं दुःख तसूभरही कमी झालं नाही. हे त्यांनीच मला सांगितलं.

काही वेळा माणसाला काढावंच लागतं, हेही मला मान्य आहे. धमकी देणारा, बायकांना उद्देशून घाण लिहिणारा, जातीधर्मावरून आग लावणारा माणूस ठेवून घ्या असं मी म्हणणार नाही. त्याला काढा, गरज पडली तर रीतसर तक्रारही करा. पण काढल्यावर विषय थांबवा. शिक्षा एकदाच असते, रोज थोडी थोडी नसते.

आणि सभ्यतेच्या नावाखाली काय काय चालतं तेही पाहू. आपल्याकडे ‘काय करायलाव तुम्ही?’ असं घरातल्या माणसालाही विचारतात. तेच वाक्य मोबाइलवर उमटलं की उर्मट वाटतं. उलट ‘आपण जरा अभ्यास करून बोलावं’ हे वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे, त्यात ‘आपण’ही आहे. पण ते शेतकऱ्याला उद्देशून म्हटलं की त्याच्या जिव्हारी लागतं. आम्ही शिक्षक शुद्ध भाषेत अपमान करू शकतो. ज्याला ते जमत नाही तो तेवढा असभ्य ठरतो. मराठी शिकवणाऱ्या माणसानं हा फरक ओळखायला नको का?

शिवाय पाण्याचा प्रश्न विचारणं हा काही उद्धटपणा नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी शाळेत असलं पाहिजे असं म्हटलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. कायद्यानं पालकांना दिलेली जागा आपण त्यांच्या बोलण्याच्या सुरावरून काढून घेऊ शकत नाही.

काय करता येईल?

मी स्वतःपुरत्या चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हाला पटल्या तर घ्या.

पहिली, प्रश्न आणि शब्द वेगळे करायचे. शब्द वाईट असले तरी प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आणि उत्तर दिलं म्हणून वाईट शब्द सोडून द्यायचा नाही. कोणतं वाक्य चुकलं ते नेमकं सांगायचं, जमलं तर फोन करून किंवा समोर बसून.

दुसरी, गेलेल्या माणसाविषयी तो समोर बसला असता तर जे बोललो असतो, तेवढंच बोलायचं.

तिसरी, त्याचा मुद्दा दुसऱ्या कुणीतरी हातात घ्यायचा. शक्यतो त्याच्या विरोधात बोललेल्यानंच. म्हणजे प्रश्न ‘त्यांचा’ राहत नाही, शाळेचा होतो.

चौथी, एकानं तरी त्याच्या घरी जायचं.

वर्गासाठीही एक उपक्रम सुचवते. पाचवीच्या पुढं कुठंही चालतो. मुलांना एक रागावलेलं वाक्य द्या, समजा ‘तुम्ही कधीच वेळेवर येत नाही, तुम्हाला काही पडलेलीच नाही!’ मुलांनी यातली तक्रार एका कागदावर लिहायची आणि दुखावणारे शब्द दुसऱ्या कागदावर. मग तक्रार तेवढीच ठेवून वाक्य नव्यानं लिहायचं, पण मिळमिळीत करायचं नाही. मी घेतला तेव्हा मुलांना दुखावणारे शब्द पटकन सापडले, तक्रार शोधायला वेळ लागला. मोठ्यांचंही तसंच होतं.

शेवटी

माघ-फाल्गुनात मी त्या पालकांच्या घरी गेले. हळद शिजवायचं काम चालू होतं, अंगणभर वाफ आणि वास. त्यांनी बाज पुढं केली, पाणी दिलं. मी म्हटलं, त्या नकलेवर मी अंगठा दिला होता, ते चुकलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “पाण्याचं झालं का?”

मी म्हटलं, नाही.

“मग कशाला आलाव?”

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या समितीच्या बैठकीत मी पाण्याचा विषय मांडला, आणि त्याला अनुमोदन दिलं ते त्या सहकारी बाईंनी. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा टाकीपासून नळ जोडलेला होता.

ते पालक ग्रुपमध्ये परत आले नाहीत. त्यांनी बाईंची माफी मागितली नाही, बाईंनीही विषय काढला नाही. पालक सभेला ते आले, मागच्या सतरंजीवर बसले. बाईंनी त्यांच्या मुलीचे गुण वाचून दाखवले, गणितात सुधारणा आहे म्हणाल्या. ते म्हणाले, “बरं, मॅडम.” एवढंच. मला वाटतं, सध्या एवढं पुरेसं आहे.

तुमच्याही ग्रुपमधून कुणीतरी गेलं असेल. त्यांनी शेवटचा प्रश्न कोणता विचारला होता, आठवतं का? आज वर जाऊन तेवढं वाचून पाहा. आणि त्याचं उत्तर अजून दिलेलं नसेल, तर ते कोण देणार, तेही ठरवा.